नारोशंकराचे देऊळ आणि वसईची घंटा

श्रोतेहो, देऊळ म्हटले की शिखर, सभामंडप आणि नंदी आपल्या डोळ्यांसमोर येतात. पण देवळाला किल्ल्यासारखा तट कशासाठी? युरोपात, रुमानियातील ट्रान्सिल्वेनिया प्रांतात, कित्येक खेड्यांतल्या चर्चभोवती असे तट आहेत. शत्रू आला की गावकरी धान्यासह आत शिरत आणि दरवाजे लावून घेत.

आपल्याकडे असे तटबंद देऊळ पाहायचे, तर नाशिकला पंचवटीत गोदाकाठी जावे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये हे रामेश्वराचे देऊळ बांधले. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्यांचाच. तेव्हा किल्ला बांधणाऱ्याने देवळालाही तट घातला, यात नवल ते काय! तटाच्या कोपऱ्यांवर घुमटाच्या छत्र्या आहेत. आत शिखरावर हत्ती, वाघ, वानर कोरले आहेत. बाहेर बंदोबस्त, आत नक्षी.

आता तटाच्या मधोमध असलेल्या घंटाघराकडे पाहा. तिथली घंटा चर्चची आहे, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. म्हणजे देवळाहून घंटा सव्वीस वर्षांनी थोरली! १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी विजयाची खूण म्हणून आणून देवाला वाहिल्या. नारोशंकरांची घंटाही वसईचीच, असे परंपरा सांगते. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ साल आहे. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७, आणि शेजारी मेरीमाता व बाळ येशू.

अशी घंटा तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाची, म्हणजे काशाची असते. तोंड पसरट, काठ जाड. म्हणून नाद दूर जातो आणि बराच वेळ घुमत राहतो. अक्षरे मागाहून कोरलेली नसतात, साच्यातच घातलेली असतात. म्हणून ती उठून दिसतात. पुढे नाशिककरांनी या घंटेवर पुराचेही माप ठरवले. घंटेला पाणी लागले की पूर मोठा!

शिक्षकबंधूंनो, ही हकीकत आपल्याला कळते ती घंटेवरच्या चार आकड्यांमुळे. आपल्या गावच्या देवळात, वेशीवर, बारवेत असे आकडे आणि अक्षरे असतीलच. पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात आपण त्यांवर तैलरंग फासतो, सिमेंट थापतो, आणि दगड कायमचा मुका होतो. तेव्हा रंगाचा डबा उघडण्यापूर्वी मुलांना तिथे न्या. त्यांच्याकडून अक्षरे वाचून घ्या आणि वहीत उतरवून घ्या. वाचता आली नाहीत, तर निदान झाकू तरी देऊ नका.