रस्ताही आपला, बाजारही आपला
एका जपानी कंपनीच्या गुंतवणुकीची कहाणी

गावाला पक्का रस्ता झाला की बाजार वाढतो. परंतु रस्ता बांधणारा व बाजार भरविणारा हे सहसा निराळे असतात. जपानमधील सॉफ्टबँक या कंपनीने इंटरनेटच्या क्षेत्रात मात्र दोहोंतही पैसा घातला. मासायोशी सोन यांनी १९८१ साली स्थापन केलेल्या या कंपनीने १९९६ मध्ये अमेरिकेच्या याहूशी भागीदारी करून याहू जपान सुरू केली, आणि २००० साली चीनमधील अलिबाबा या नवख्या व्यापारी संस्थेत २ कोटी डॉलर गुंतविले.

बाजार असा उभा राहत होता, पण जपानमधील इंटरनेट मंद व महाग होते. म्हणून २००१ साली कंपनीने 'याहू बीबी' ही ब्रॉडबँड सेवा काढली. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेतून बोलणे जाते ते केवळ खालच्या कंप्रतांवर. वरच्या कंप्रता मोकळ्याच पडलेल्या असतात. एडीएसएल तंत्राने त्यांवरून माहिती धाडता येते. नवी तार ओढावी लागत नाही, व फोनही बंद राहत नाही. या तारा होत्या एनटीटी या जुन्या कंपनीच्या. त्या इतरांना भाड्याने देण्याचे बंधन सरकारने घातले नसते, तर ही योजना कागदावरच राहिली असती, हे विसरता कामा नये.

दर प्रतिस्पर्ध्यांच्या निम्म्याहून कमी ठेवण्यात आला. मोडेम तर रस्त्यावर फुकट वाटले गेले! परिणामी सलग चार वर्षे तोटा सोसावा लागला. तत्पूर्वीच इंटरनेट कंपन्यांच्या भावांचा फुगा फुटून सॉफ्टबँकेचे भागमूल्य नव्वद टक्क्यांहून अधिक घसरले होते. २००४ मध्ये सुमारे ४५ लक्ष ग्राहकांची माहिती बाहेर फुटली, ती नामुष्की वेगळीच.

कंपनीला तारले ते प्रामुख्याने अलिबाबाने. २०१४ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात तिची नोंदणी झाली, तेव्हा सॉफ्टबँकेच्या हिश्श्याची किंमत सहा हजार कोटी डॉलरांच्या वर गेली. पेरलेल्या बियाण्यांपैकी पुष्कळ वाया गेले. एकाच कणसाने खळे भरले.

एडीएसएलची एक मर्यादा ध्यानात घ्यावी. दूरध्वनी केंद्रापासून अंतर वाढते तसा वेग घटतो. त्यामुळे दाट वस्तीच्या शहरांत जुळणारा हिशेब विरळ वाड्यावस्त्यांत जुळत नाही. भारतात ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ साली केंद्र शासनालाच हाती घ्यावी लागली, ती याच कारणाने.