कामणच्या दुकानाचा आकडा कोण मोजणार?

दसरा-दिवाळी सरली की देशातील किरकोळ विक्री किती टक्क्यांनी वाढली, याची चर्चा सुरू होते. रिटेलर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही दुकानदारांची संघटना आपल्या पाहणीत देशाचे पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण असे चार विभाग पाडते आणि कपडे, पादत्राणे, दागिने, फर्निचर, किराणा अशा निरनिराळ्या व्यवसायांतील विक्री गतवर्षाशी ताडून पाहते. या पाहणीचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचा भर संघटित क्षेत्रावर असल्याने ‘पश्चिम विभाग’ या शब्दांत मुंबईची वातानुकूलित दालने दिसतात. वसई तालुक्यातील कामणचा किराणा दुकानदार दिसत नाही.

कामणचे उदाहरण बोधप्रद आहे. चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गावाच्या एका अंगाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, तर दुसऱ्या अंगाला भिवंडीची अफाट गोदामे. वसई-दिवा लोहमार्गावर कामण रोड हे स्थानकही आहे. महानगराच्या घराघरांत पोहोचणारा माल या पट्ट्यातून रात्रंदिवस वाहत असतो. तथापि मालाची वाहतूक म्हणजे गावची खरेदी नव्हे. रस्त्यावरील मालमोटारी वाढल्या म्हणून रस्त्याकडेच्या दुकानाचा गल्ला वाढतोच असे नाही.

या परिसरातील खरेदीचे चक्र सणांपेक्षा मजुरीवर फिरते. दिवाळीनंतर वसई-भिवंडी पट्ट्यात वीटभट्ट्या पेटतात. भट्टीवरील आदिवासी कुटुंबांना आठवड्याची ‘खर्ची’ मिळाली की तेल, मीठ, डाळ यांची खरेदी होते. पावसाळ्यात भट्ट्या बंद पडतात आणि विक्रीची जागा उधारीची वही घेते. ज्या दुकानदाराने चार महिने उधार दिले, त्याचा माल खपलेला असतो, पैसा मात्र अडकलेला असतो. हा फरक टक्केवारीत उमटत नाही.

वस्तू व सेवा कराच्या वसुलीवरून अंदाज बांधावा, असे काही जण सुचवतात. मात्र 1 एप्रिल 2019 पासून महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्या, चाळीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या दुकानदारास सामान्यतः नोंदणीची सक्ती नाही. म्हणजे लहान दुकान या जाळ्याबाहेरच राहते. मोठ्या साखळी दुकानांची नोंदणी राज्यवार असल्याने त्यांच्या विवरणपत्रांतून तालुक्याचे चित्र उभे राहत नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 रोजी अनेक वस्तूंवरील दर उतरले. दर बदलला की करवसुली हे विक्रीचे माप उरत नाही.

भाववाढीचाही विचार हवा. शंभर रुपयांची विक्री एकशे सहा झाली आणि भाव पाच टक्क्यांनी चढले असतील, तर प्रत्यक्ष माल जेमतेम एक टक्काच अधिक खपला. 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग-खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण खर्चातील अन्नाचा वाटा सुमारे 47 टक्के, तर शहरी खर्चातील सुमारे 40 टक्के होता. म्हणून धान्य-तेलाचे भाव चढताच गरीब कुटुंब प्रथम कपडे आणि पादत्राणे पुढे ढकलते. किराणा विक्रीचा फुगलेला आकडा अशा वेळी समृद्धीचा नव्हे, ओढगस्तीचा निदर्शक ठरतो.

सुदैवाने पाया घातला गेला आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय असंघटित उद्योगांची पाहणी करते. 2025 पासून तिचे त्रैमासिक अंदाजही मिळू लागले आहेत. आता राज्य शासनाने पालघरसारख्या जिल्ह्यात डोंगरपट्टी, किनारपट्टी व शहरी पट्टा असे भाग पाडून निवडक लहान दुकानांची मासिक विक्री, उधारी आणि भाव यांची नोंद घेण्याची व्यवस्था करावी. हे काम खर्चिक नाही. माहिती कर-आकारणीसाठी वापरली जाणार नाही, अशी हमी मात्र दिली पाहिजे. अन्यथा खरा आकडा कोणी सांगणार नाही.

भट्टीवरची मजुरी थकली किंवा भाताचे पीक बुडाले, तर ते सरकारी कागदावर उतरण्याआधी कामणच्या दुकानातील उधारीच्या वहीत उतरते. त्या वहीकडे वेळीच पाहिले, तर मदतही वेळीच पोहोचू शकेल. ती न वाचता देशाच्या सरासरीवर समाधान मानणे, हे अर्थशास्त्र नव्हे. ती आत्मवंचना होय.