अजिंठ्याच्या लेण्यांतील काळोख

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत शिरणाऱ्या प्रेक्षकाचा पहिला उद्गार बहुधा ‘केवढा हा काळोख!’ असाच असतो. मुलांबाळांसह दूरचा प्रवास करून यावें, आणि पद्मपाणीचें सुप्रसिद्ध चित्र मंद प्रकाशांत घटकाभर पाहून बाहेर पडावें, यांत विरस होणें स्वाभाविक आहे. परंतु हा काळोख मुद्दाम राखलेला आहे.

१८१९ सालीं जॉन स्मिथ हा लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानें वाघूर नदीच्या दरींत आला, आणि दहाव्या लेण्यांतील चित्रावर आपलें नांव कोरून गेला. (पहिल्याच युरोपियन प्रेक्षकानें हा कित्ता घालून द्यावा, हें दुर्दैवच!) मागून आलेल्यांचा हेतु मात्र निर्मळ होता. मेजर रॉबर्ट गिल यांनीं वर्षानुवर्षें खपून प्रतिकृति रंगविल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनीं मुंबईच्या कलाशाळेंतील विद्यार्थ्यांसह तेंच काम पुनः आरंभिलें. त्यांच्याहि पुष्कळ प्रती १८८५ सालीं लंडनमध्यें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. त्याहून वाईट हें कीं, नक्कल करतांना रेषा स्पष्ट दिसाव्या म्हणून मूळ चित्रांनाच वार्निश फासण्यांत आलें. १९२० नंतर निजाम सरकारनें आणविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं निखळता गिलावा कौशल्यानें सांवरला खरा. पण त्यांनीं दिलेला लाखेचा लेपहि कालांतरानें पिवळा पडला. पुढें पुराणवस्तु-खात्याच्या रसायनज्ञांना हे लेप उतरवीत बसावें लागलें.

चित्रें दाखविण्याच्या उत्साहानेंच चित्रांचें असें नुकसान झालें. आज तर प्रेक्षकाचा श्वासहि निरुपद्रवी नाहीं. चित्रें उघड्या दगडावर नसून माती, शेण व भाताचा कोंडा यांच्या गिलाव्यावर आहेत. गर्दीच्या श्वासांतील ओल त्यास सोसत नाहीं. फ्रान्समधील लास्को येथील प्राचीन चित्रगुहेस हाच अनुभव आला. १९४८ सालीं ती लोकांस खुली झाली आणि १९६३ सालीं बंद करावी लागली. १९८३ पासून लोक शेजारीं उभारलेली हुबेहूब प्रतिकृति पाहतात. अजिंठ्यास मूळ चित्रेंच पाहावयास मिळतात, व त्याचें मोल म्हणून उजेड कमी ठेवावा लागतो.

मार्गदर्शक हें क्वचितच सांगतात. पद्मपाणीच्या मुद्रेवरील करुणेचें वर्णन रसभरित होतें. परंतु दोन पावलांवरील गिलाव्याची फुटकी कड कोणी दाखवीत नाहीं. शाळकरी मुलाला ती एकदां दाखवावी, म्हणजे दिवा मोठा करा असा हट्ट तो धरणार नाहीं.