वर्गणीतून उभे राहिलेले नभोवाणी केंद्र

वाचकहो, शाळेतून काढून टाकलेली भाषा घरात किती काळ टिकेल?

कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात १८७० साली इंग्रजीबरोबर फ्रेंचलाही कायद्याने स्थान मिळाले होते. परंतु १८९० मध्ये विधिमंडळ व न्यायालये येथे केवळ इंग्रजी राहिली आणि १९१६ मध्ये द्वैभाषिक शाळाही बंद झाल्या. पुढे घरोघरी रेडिओ आला, तोही मुख्यतः इंग्रजी बोलणारा. मुलांच्या कानी मातृभाषा पडावी कोठून?

विनिपेग शहरासमोर, रेड नदीच्या पूर्व तीरावर, सां-बोनिफास ही फ्रेंच भाषकांची जुनी वसाहत होती. तेथील लोकांनी वर्गणी जमविली. दूरच्या क्वेबेकमधील भाषाबंधूंनीही हातभार लावला. २७ मे १९४६ रोजी 'सी. के. एस. बी.' हे पश्चिम कॅनडातील पहिले फ्रेंच नभोवाणी केंद्र बोलू लागले. १९४९ मध्ये एडमंटन येथे आणि १९५२ मध्ये सस्कॅचेवान प्रांतात अशीच केंद्रे निघाली. १९७३ मध्ये सां-बोनिफासचे केंद्र राष्ट्रीय संस्थेने, रेडिओ-कॅनडाने, आपल्याकडे घेतले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा तो कायदाही घटनाबाह्य ठरविला.

न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत एकोणनव्वद वर्षे लोटली होती. लोक मात्र तोवर थांबले नव्हते. परप्रांती राहून घरात मराठी जपणाऱ्या वाचकांना त्या वर्गणीचे मोल वेगळे सांगावयास नको.