मधमाश्या घर कसं ठरवतात?

गटाच्या बैठकीत मोठा विषय निघतो. गिरणी घ्यायची की शेवयांचं मशीन? कर्ज किती काढायचं? मग बहुतेकदा काय होतं? एक-दोघी बोलतात, बाकीच्या माना डोलावतात आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ लिहून सह्या होतात. हप्ते मात्र सगळ्यांनाच भरावे लागतात. म्हणून आज अशा एका बैठकीबद्दल बोलू, जिथे दहा हजारजणी असतात, अध्यक्ष कुणीच नसते, आणि तरी निर्णय बहुतेक वेळा बरोबर निघतो. ही बैठक आहे मधमाश्यांची.

मोहोळात माश्या फार वाढल्या की वसाहत फुटते. जुनी राणीमाशी हजारो कामकरी माश्यांसह बाहेर पडते आणि सगळा थवा जवळच्या फांदीला घोसासारखा लटकतो. आपल्याकडची सातेरी माशीही अशीच फुटते आणि झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत घर करते. मी सांगणार आहे तो अभ्यास युरोपातल्या, पेटीत पाळतात त्या मधमाश्यांवर झाला. त्यांनाही अशीच ढोली लागते.

तिकडे हिवाळा कडक असतो. घर लहान निघालं तर पुरेसा मध साठत नाही आणि सगळी वसाहत उपाशी मरते. तोंड मोठं असेल तर थंडी शिरते, शत्रू शिरतो. त्यामुळे घर निवडणं हा त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो.

हा निर्णय राणी घेत नाही. तिचं काम अंडी घालायचं. घर शोधायला काही शे अनुभवी कामकरी माश्या निघतात. त्यांना आपण टेहळणी माश्या म्हणू. १९४९ साली जर्मनीत म्युनिक शहरात मार्टिन लिंडाउअर या शास्त्रज्ञाला एका लटकलेल्या थव्यावर काही माश्या नाचताना दिसल्या. त्यांच्या अंगावर फुलांचे पराग नव्हते. कुणी काजळीने काळी झालेली, तर कुणी विटांच्या धुळीने लाल. महायुद्धात शहर पडलं होतं. या माश्या धुराड्यांतून आणि पडक्या भिंतींतून घर शोधून आल्या होत्या आणि त्याचीच बातमी नाचून सांगत होत्या.

या नाचात पत्ता असतो. माशी अंग थरथरवत सरळ रेषेत चालते. त्या रेषेचा कल सूर्याच्या मानाने दिशा सांगतो आणि थरथर किती वेळ चालली त्यावरून अंतर कळतं. जागा चांगली असेल तर ती पुन्हा पुन्हा, बराच वेळ नाचते. जागा बेताची असेल तर थोडंच नाचून थांबते.

पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. मोठी झाडं जवळपास नसलेल्या ॲपलडोर नावाच्या छोट्या बेटावर त्यांनी थवे नेले, म्हणजे माश्यांना दुसरीकडे ढोली सापडायला नको. मग पाच पेट्या ठेवल्या. चार लहान, १५ लिटरच्या. एक ४० लिटरची, म्हणजे साधारण दोन मोठ्या बादल्यांएवढी. माश्यांना मानवते ती ही मोठी. पाच वेळा प्रयोग केला, त्यात चार वेळा थव्याने तीच निवडली. तीही अनेकदा चांगली पेटी उशिरा सापडलेली असताना.

हे जमतं कसं? पहिली गोष्ट, नाच पाहून कुणी नुसती मान डोलावत नाही. नाच पाहणारी माशी स्वतः उडून त्या जागी जाते, आत चालून फिरून अंदाज घेते आणि तिला जशी वाटली तशीच परत येऊन सांगते. दुसरी गोष्ट, कुणी हट्ट धरून बसत नाही. जागा कितीही आवडली तरी प्रत्येक फेरीनंतर माशीचा नाच कमी होतो आणि शेवटी ती गप्प बसते. त्यामुळे आधी कोण बोललं याला महत्त्व राहत नाही. चांगल्या जागेला नवनव्या साक्षीदार मिळत जातात, बेताची जागा आपोआप मागे पडते. तिसरी गोष्ट, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत त्या थांबत नाहीत. एखाद्या जागी एकाच वेळी २०-३० टेहळणी माश्या जमल्या की कोरम पुरा झाला. मग त्या थव्यात येऊन बारीक पीं-पीं आवाज करतात, सगळ्या अंग तापवून घेतात आणि थवा उडतो.

नुसतं एकत्र असणं म्हणजे शहाणपण नव्हे, हे मुंग्यांकडे पाहून कळतं. दक्षिण अमेरिकेत एक जवळजवळ आंधळी लष्करी मुंगी असते. ती पुढचीच्या वासामागे चालते. कधी वाट चुकून रांगेचं रिंगण झालं, तर प्रत्येक मुंगी पुढचीवर विसंबून गोल फिरत राहते, आणि फिरता फिरता कित्येक मुंग्या मरतात.

मुंग्यांची ही वासाची युक्ती यंत्रांनाही शिकवली आहे. १९९२ साली इटलीत मार्को दोरिगो यांनी त्यावरून संगणकासाठी एक पद्धत मांडली. संगणकात खोट्या मुंग्या सोडायच्या आणि जवळच्या वाटेवर त्यांनी जास्त वास सोडायचा. मालाच्या गाड्यांनी कोणत्या वाटेने जावं अशी कोडी यातून सुटतात. पण त्यात एक नियम घालावा लागतो. वास हळूहळू उडून गेला पाहिजे. तो तसाच राहिला तर संगणकही पहिल्या सापडलेल्या वाटेलाच चिकटून बसतो. माशीचा नाच ओसरतो, तसाच हा प्रकार.

आता आपल्या गिरणीचा विचार करा. दोघी एका गावची चालू गिरणी पाहून आल्या, दोघी दुसऱ्या गावची, आणखी दोघी शेवयांचं मशीन. वीजबिल किती येतं, दळण रोज किती येतं, दुरुस्तीला माणूस कुठून येतो, हे स्वतः विचारून आल्या. बैठकीत कधी न बोलणारीला आधी बोलू दिलं. जिला पटलं नाही तिने सांगण्यावर न जाता स्वतः जाऊन पाहिलं. अशा निर्णयावर सही करताना हात अडखळत नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. थव्यातल्या सगळ्या माश्यांचं हित एकच असतं, म्हणून कुणी खोटी बातमी आणत नाही. माणसांत कुणाचा भाऊ मशीन विकणारा असू शकतो. म्हणून आपल्याला दरपत्रकं लागतात, हिशेबाची वही लागते आणि ती सगळ्यांसमोर वाचावीही लागते.

आणि हो, फांदीवर थवा लटकलेला दिसला तर मुलांना लांब ठेवा. दगड मारू नका, खाली जाळ करू नका. जवळपास मधपाळ असेल तर त्यांना कळवा. नाहीतर बहुधा एक-दोन दिवसांत थवा आपणच निघून जातो. तोवर त्यांची बैठक चालू आहे असं समजा.

येत्या बैठकीत तुम्ही काय पाहून आलात ते आम्हाला जरूर कळवा.