माणसाच्या मापाने मांजर मोजू नये

घरातला बोका सकाळपासून पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, मधूनच कळवळून ओरडतो आणि बाहेर येऊन शेपटीखालचा भाग चाटत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, पोट साफ होत नाहीये. मग कुणी कोमट दुधात तूप घालून पाजतं, कुणी एरंडेल देतं, कुणी म्हणतं उद्यापर्यंत वाट बघू. पुष्कळदा तो बोका शी करायला कुंथतच नसतो, त्याची लघवी अडलेली असते. नर मांजराची मूत्रनलिका शेवटाकडे फार अरुंद होते. बारीक खडे आणि चिकट गाळ तिथे बुचासारखा बसला की लघवीचा थेंबही बाहेर येत नाही. मग मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाची लय बिघडते आणि दोन-तीन दिवसांत बोका दगावू शकतो. वेळेत दवाखान्यात नेला तर भूल देऊन, नळी घालून त्याला मोकळं करता येतं. त्यामुळे अशा मृत्यूंचं खापर एकट्या आजारावर फोडता येत नाही. समोर दिसत असलेल्या लक्षणाचा अर्थ घरात चुकीचा लावला गेला, हेही त्याचं तितकंच मोठं कारण असतं.

कुत्र्यामांजरांची नेहमीची दुखणी एकेक करून पाहिली तर हीच चूक वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटते. आपण त्यांना घरातल्या माणसासारखं वागवतो आणि त्यात गैर काहीच नाही. गडबड होते ती पुढे. माया माणसासारखी करता करता आपण त्यांचं शरीरही माणसाचंच धरून चालतो. दुखलं तर रडेल, ताप असेल तर अंग गरम लागेल, पोट बिघडलं तर एक दिवस लंघन पुरेल, आपल्याला चालते ती गोळी पाव करून त्यालाही चालेल, असे हिशेब आपण नकळत मांडतो. यातला जवळजवळ प्रत्येक हिशेब चुकीचा आहे. पाळीव प्राण्याचं आरोग्य सांभाळायचं तर रोगांची नावं पाठ असण्यापेक्षा हे चुकीचं माप बाजूला ठेवणं जास्त उपयोगाचं आहे.

आधी वेदना घेऊ. मांजर शिकार करतं, पण मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही होतं. दुबळेपणा उघड करणं अशा प्राण्याला परवडत नाही, म्हणून दुखत असताना ते सहसा ओरडत नाही, कोपऱ्यात जाऊन गप्प बसतं. घुरघुरणारं मांजर सुखातच असतं, हेही खरं नाही. वेदनेत असलेली मांजरंही घुरघुरतात. पण ही वेदना वाचता येते. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळ्यांचं आकसणं, नाकातोंडाच्या भागातला ताण, मिशांची स्थिती आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची, एवढ्या पाच गोष्टी तीत पाहिल्या जातात. कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धे मिटलेले, मान खाली, मिशा ताठ आणि पुढे आलेल्या असं मांजर शांत बसलेलं नसतं, ते सोसत असतं. म्हाताऱ्या मांजराने खिडकीच्या कठड्यावर उडी मारणं सोडलं किंवा पाठ चाटून साफ ठेवणं थांबवलं तर आपण वयाकडे बोट दाखवतो. खरं कारण बहुधा सांधेदुखी असतं, आणि तिच्यावर उपचार आहेत. कुत्र्यांचंही असंच. मागचा पाय दुखत असलेला कुत्रा धन्याला पाहून शेपूट हलवतोच. त्या शेपटीवरून दुखणं मोजता येत नाही.

तापाचं आणि भुकेचं मापही असंच फसवं आहे. कुत्र्याच्या शरीराचं तापमान निरोगी असतानाच साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, मांजराचंही जवळपास तेवढंच. आपल्या हाताला ते नेहमीच गरम लागणार, आणि कोरड्या नाकावरूनही ताप ठरत नाही. त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी त्याची मुख्य भिस्त धापा टाकण्यावर असते. चपट्या नाकाच्या पगसारख्या जातींना तेही नीट जमत नाही. म्हणूनच मे महिन्यातल्या दुपारचा फेरफटका किंवा बंद गाडीत दहा मिनिटं ठेवणं त्यांच्या जिवावर बेततं. भुकेच्या बाबतीत लंघनावरची आपली श्रद्धा मांजराच्या मुळावर येऊ शकते. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की अंगावरची चरबी झपाट्याने यकृतात साठू लागते आणि यकृतच निकामी होऊ लागतं. तहानेचं उलट आहे. कुत्रा किंवा मांजर एकाएकी जास्त पाणी प्यायला लागलं की आपल्याला बरं वाटतं. पण ती मधुमेहाची किंवा मूत्रपिंडाच्या आजाराची पहिली खूण असू शकते. मूत्रपिंडांचा साधारण दोन तृतीयांश भाग निकामी झाल्यावरच लघवी पातळ होते आणि तहान वाढते, म्हणून ती खूण दिसल्यावर आणखी थांबायला सवड उरत नाही. नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी मलूल झाली आणि खूप पाणी पिऊ लागली तर गर्भाशयात पू झाला असण्याची शंका घ्यावीच लागते, मग बाहेर स्राव दिसो वा न दिसो.

सगळ्यात महाग पडणारी चूक औषधांच्या डब्यापाशी होते. अंग गरम लागलं म्हणून मांजराला पॅरासिटामॉल दिली जाते. हे औषध निकामी करण्याची माणसाच्या यकृताकडे जी मुख्य सोय आहे, ती मांजराकडे अगदीच तोकडी असते. न निचरलेलं औषध तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतं, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बंद पडू शकतात. कुत्र्यांसाठी बनवलेलं परमेथ्रिनचं गोचीडनाशक मांजराच्या मानेवर टाकलं तर त्याला झटके येतात. एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला विष कसं ठरतं, याचा सगळ्यात मोठा धडा आपल्याच देशाने घेतला आहे. गुराढोरांना बिनदिक्कत दिलं जाणारं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. भारतातल्या गिधाडांच्या काही जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या आणि २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. स्वयंपाकघरालाही हाच न्याय लागू आहे. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की भाजीत शिजलेले, कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं आणि मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं अलीकडे पशुवैद्यक मानू लागले आहेत, आणि हे आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं. नैवेद्याच्या ताटातल्या शिऱ्यातली मनुका आणि आमटीतला चिंचेचा कोळ दोन्ही कुत्र्यापासून लांबच बरे.

इथल्या हवेत कुत्र्यांना फार छळणारा आजार म्हणजे गोचीडताप. यातही आपलं माप दोनदा चुकतं. गोचीड म्हणजे अंगावरची घाण, उपटून टाकली की झालं, असं वाटणं ही पहिली चूक. तपकिरी गोचीड आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसतेच. भिंतींच्या फटी, फरशीचे सांधे, पलंगाच्या खाचा इथे ती राहते, मादी हजारोंनी अंडी घालते आणि पोटात काही न जाता महिनोन्‌महिने तग धरते. तिच्या चाव्यातून एर्लिकियाचे जंतू पांढऱ्या पेशींमध्ये आणि बॅबेसिया तांबड्या पेशींमध्ये शिरतात. मग ताप, मलूलपणा, नाकातून रक्त, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या किंवा चहाच्या रंगाची लघवी दिसते. दुसरी चूक औषध सुरू झाल्यावर होते. एर्लिकियासाठी सहसा चार आठवडे डॉक्सीसायक्लिन द्यावं लागतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागला की आपण आपल्या सर्दी-खोकल्यासारखा कोर्स सोडून देतो. जंतू शरीरात दबून राहतात, महिने किंवा वर्षंही, आणि पुढे अस्थिमज्जेवर घाला घालू शकतात.

पार्व्हो विषाणूच्या लसीचंही असंच होतं. हा विषाणू १९७८च्या सुमारास जगभर पसरला, मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. पिल्लाला एक इंजेक्शन दिलं म्हणजे ते सुरक्षित झालं, असं मानणाऱ्या घरांत तिसऱ्या महिन्यात रक्ताची हगवण सुरू होते. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीलाच निष्प्रभ करते आणि ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरते. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचं वय होईपर्यंत डोस द्यावे लागतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. गावातली, रस्त्यावरची कुत्री कुठे डॉक्टरकडे जातात? तरी जगतातच ना! जी जगली ती आपल्याला दिसतात, एवढाच याचा अर्थ. पश्चिम बंगालमधल्या भटक्या कुत्र्यांवरची एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के पिल्लं प्रजननक्षम वयापर्यंत पोचली. त्यातले बरेच मृत्यू माणसांमुळे झाले हे खरं, पण निसर्ग त्यांना सांभाळून घेतो या समजाला त्यातून आधार मिळत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खोटा नाही. शहरात तपासण्या आणि सलाईनचं बिल सामान्य घराला जड जातं. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असला तरी त्याचा बहुतेक वेळ गाईम्हशींत जातो. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, पण तशी सोय सगळीकडे नाही. नेमक्या याच कारणाने लवकर लक्ष देणं महत्त्वाचं ठरतं. नियमित गोचीडनाशक आणि लस यांचा खर्च रक्त चढवण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो, आणि पहिल्या दिवशी आणलेल्या बोक्यावरचा उपचार तिसऱ्या दिवशीच्या उपचाराहून सोपा असतो. तिसरा आक्षेप असा की इतकं वाचलं तर माणूस प्रत्येक शिंकेला घाबरेल. उलट, कशाला घाबरायचं हे कळलं की बाकीच्या गोष्टींची भीती कमी होते. एखादी उलटी होऊन गेली, कुत्रा खेळतोय, जेवतोय, तर थांबून बघायला हरकत नाही. लघवी अडणं, मांजराने तोंड उघडून धापा टाकणं, हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या पडणं, झटके, पोट फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येणं, लहान पिल्लाला उलट्या-जुलाब एकदम सुरू होणं, इथे मात्र रात्र असली तरी थांबू नये. आणखी एक सावधगिरी. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, म्हणजे घशात हाड अडकलं असेल म्हणून हात घालू नये. रेबीजचं रूप कधी कधी असंच असतं. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच लसीसाठी जायला हवं.

मग घरातल्या माणसाने नेमकं करायचं काय? निदान आणि औषध डॉक्टरवर सोडून नोंद आपल्याकडे ठेवायची. महिन्यातून एकदा वजन. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. गाढ झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं; आकडा वारंवार तिसाच्या पुढे जात असेल तर हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्यायची. निरोगी असताना हिरड्यांचा रंग कसा आहे ते पाहून ठेवायचं, म्हणजे बदल कळेल. काही हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघता येतो. मांजराच्या ट्रेमध्ये वाळूचे किती गोळे होतात आणि केवढे, याकडे लक्ष ठेवायचं. लंगडणं, खोकणं, कुंथणं यांचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, कारण दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला प्राणी ते करून दाखवत नाही. कधीपासून, किती वेळा, शेवटचं कधी खाल्लं, लघवी केव्हा झाली, घरातून कोणती गोळी दिली, या प्रश्नांची खरी उत्तरं डॉक्टरला अर्ध्या तपासण्यांइतकी उपयोगी पडतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संकोचाने लपवलं जातं, आणि तिथेच सर्वात जास्त नुकसान होतं. डॉक्टर आपल्या प्राण्याला वर्षातून काही मिनिटं पाहतो. तो रोज कसा असतो, हे फक्त घरातल्या माणसांना माहीत असतं. फ्लॅटमध्ये राहणारं मांजर स्वतःहून दवाखान्यात जाणार नाही आणि साखळीला बांधलेला कुत्रा स्वतः सावली शोधणार नाही. त्यांच्या वाटचा निर्णय आपण घेतो, म्हणून त्यांचं शरीर त्याच्या स्वतःच्या नियमांनी समजून घेणं ही आपली जबाबदारी आहे. त्यासाठी पदवी लागत नाही, रोजचं लक्ष लागतं.