इम्पोर्ट काहीच आणत नाही!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एक आरोळी हमखास ऐकू येते, "अरे, लॅबमध्ये चालत होतं रे!" फाइल तीच, पेन ड्राइव्ह तोच, आणि जावा मात्र क्लास सापडत नाही म्हणून अडून बसलेला. मग कोणी जावा पुन्हा इन्स्टॉल करतो, कोणी जार फाइल दिसेल त्या फोल्डरमध्ये टाकत सुटतो.

हा घोळ बराचसा इम्पोर्ट या शब्दामुळे होतो. सी मध्ये हॅश-इन्क्लूड लिहिलं की हेडर फाइलचा मजकूर खरोखरच तिथे येऊन चिकटतो. जावातलं इम्पोर्ट असलं काही करत नाही. क्लासचं लांबलचक पूर्ण नाव दर वेळी लिहायला नको, एवढीच ती सोय. क्लास कुठे शोधायचा हे सांगतो क्लासपाथ.

क्लासपाथ म्हणजे फोल्डर आणि जार फाइलींची यादी. समजा पॅकेजचं नाव आहे 'हॉस्टेल डॉट मेस'. इथला डॉट म्हणजे फोल्डरची एक पायरी. यादीतल्या एकेका ठिकाणी 'हॉस्टेल' फोल्डर, त्यात 'मेस', त्यात ती क्लास फाइल, असा शोध चालतो. म्हणून यादीत 'हॉस्टेल' ज्याच्या आत आहे तो फोल्डर द्यायचा, 'मेस'चा नाही. (इथे भलेभले चुकतात!) आणि जे आधी सापडेल ते घेतलं जातं. जुनी जार यादीत पुढे असेल, तर मागच्या नव्या जारला कोणी विचारत नाही.

आता खरी गोम. यादी दिलीच नाही तर आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तोच धरला जातो. सुरुवातीची प्रॅक्टिकल्स त्यामुळे आपोआप चालतात. मग येतो डेटाबेसचा प्रयोग. कंपाइल बिनबोभाट होतं, कारण लागणारं एसक्यूएल पॅकेज जेडीकेमध्येच असतं. ड्रायव्हरची जार लागते ती प्रोग्राम चालवताना. म्हणून 'डॅश सीपी' पुढे जारचं नाव लिहिलं, की मेन क्लासच सापडत नाही! कारण तुमची यादी मूळ यादीत भर घालत नाही, तिची जागाच घेते. आपला फोल्डर यादीतून बाद झाला. उपाय एका टिंबाचा: जारच्या जोडीला डॉटही लिहायचा. दोन्हींच्या मधे विंडोजवर सेमीकोलन, लिनक्सवर कोलन. लॅबमध्ये विंडोज आणि रूमवर उबुंटू असेल तर आधी हेच तपासा.

जार वाढल्या की ही यादी हाताने लिहिणं नको होतं. मावेन (पहिली आवृत्ती २००४) ती स्वतः बनवतो. सोर्स कोड एसआरसी, मेन, जावा या ठरलेल्या फोल्डरांतच ठेवायचा. पॉम फाइलमध्ये लायब्ररीचा ग्रुप, नाव आणि आवृत्ती लिहायची. जार मावेन सेंट्रलवरून उतरते, तिला लागणाऱ्या इतर जारही येतात, आणि सगळ्या होम फोल्डरमधल्या 'डॉट एम टू' मध्ये साठतात. नंतर शोध आधी तिथेच. त्यामुळे प्रोजेक्ट नेटवर एकदा पूर्ण बिल्ड करून ठेवा. हॉस्टेलचं नेट गेलं तरी 'डॅश ओ' देऊन तोच बिल्ड ऑफलाइन चालतो. ऐन वेळी पॉममध्ये नवी लायब्ररी मात्र घालू नका.